दानाचा पैसा कुणाच्या हातात? बाबासाहेबांच्या पत्रांचा धडा

वाचकहो, प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भाषणे आपण जयंतीला ऐकतो, त्यांचे ग्रंथ विहारातल्या कपाटात असतात, त्यांचे फोटो घराघरांत आहेत. पण त्यांची पत्रे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचली आहेत. भाषण हजारोंसाठी असते, पत्र एका माणसासाठी असते. भाषणात विचार असतो, पत्रात विचाराबरोबर रोजची अडचण असते. गाडीभाडे कुठून आणायचे, कार्यकर्त्याला काय द्यायचे, चळवळ चालू ठेवायची की थांबवायची, जमलेला पैसा कुठे लावायचा, हे सारे पत्रांत येते. शंकरराव खरातांनी संपादित केलेल्या पत्रांच्या पुस्तकापासून ते महाराष्ट्र शासनाने काढलेल्या खंडापर्यंत ही पत्रे आज छापील स्वरूपात आपल्या हाताशी आहेत.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पोटापाण्यासाठी कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या मंडळांचे जमाखर्च लिहून देतो. त्यामुळे ही पत्रे वाचताना माझे लक्ष पैशाच्या उल्लेखाकडे आधी जाते. एका गोष्टीने मी थक्क झालो. समाजाच्या कामासाठी गोळा होणारा पैसा कुणी द्यावा, कुणाच्या हातात असावा आणि कशावर खर्च व्हावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बाबासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वीच पत्रांतून देऊन ठेवली आहेत. आज निवडणूक आली की वस्तीवस्तीत पैसा येतो, जयंती आली की वर्गणी निघते, कंपन्यांच्या मदतीवर संस्था उभ्या राहतात. अशा वेळी ती उत्तरे पुन्हा एकदा वाचणे भाग आहे.

मागितले ते कर्ज

बाबासाहेबांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवातच पैशाच्या टंचाईत झाली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले ते राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या २५०० रुपयांच्या मदतीवर. त्याच वर्षी अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब लंडनला गेले. पैसे संपत आले तेव्हा सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड मागितले. पण कसे मागितले, हे पाहण्यासारखे आहे. मदत म्हणून मागितले नाहीत. कर्जाऊ मागितले, आणि परत आल्यावर व्याजासह फेडीन असे लिहून दिले. महाराजांचा त्यांच्यावर लोभ होता, मागितले असते तर दान मिळालेही असते. तरी त्यांनी कर्ज हाच शब्द वापरला.

पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकहाती लिहून काढीत. पैशाअभावी पत्र डबघाईला आले तेव्हा त्यांनी अग्रलेख लिहून समाजालाच विचारले की, या पत्राचे तुमच्यावर काही ऋण आहे की नाही? घेणारा असो वा देणारा, पैशाच्या व्यवहारात दोघांचाही स्वाभिमान शाबूत राहिला पाहिजे, हा त्यांचा पहिला धडा.

एक कोटीच्या फंडातला आपला वाटा

आता देशाच्या राजकारणाकडे वळू. १९२१ साली काँग्रेसने टिळक स्वराज्य फंड गोळा केला. एक कोटीहून अधिक रुपये जमले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२२ मध्ये, बार्डोलीला काँग्रेसने विधायक कार्यक्रम ठरवला. त्यात अस्पृश्यांच्या उन्नतीचे कलम होते. जून १९२२ मध्ये लखनौच्या बैठकीत या कामासाठी चौघांची समिती नेमली गेली. स्वामी श्रद्धानंद, सरोजिनी नायडू, इंदुलाल याज्ञिक आणि गंगाधरराव देशपांडे हे ते चौघे.

स्वामी श्रद्धानंद हे कळकळीचे गृहस्थ होते. या कामाला निदान पाच लाख रुपये तरी हवेत असा त्यांचा आग्रह होता. ठरावात आकडा आला दोन लाखांचा. मग प्रत्यक्ष पैसे कधी मिळणार, समितीचा निमंत्रक कोण, आधी योजना की आधी रक्कम, यावर स्वामीजी आणि काँग्रेसचे चिटणीस पंडित मोतीलाल नेहरू यांच्यात पत्रव्यवहार झाला. तो वाचला की कुठल्याही सरकारी कचेरीतल्या फायलीची आठवण होते. एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवते आणि दरम्यान काम जागच्या जागी राहते. शेवटी स्वामीजींनी समिती सोडली. १९२३ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीने हा प्रश्न हिंदुमहासभेकडे सोपवून आपले अंग काढून घेतले.

हा सारा पत्रव्यवहार बाबासाहेबांनी जपला आणि १९४५ साली काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले या विषयावरील इंग्रजी ग्रंथात छापून जगापुढे ठेवला. चांगल्या हिशोबनीसाप्रमाणे त्यांनी आधी कागद मांडले आणि मग निष्कर्ष काढला.

बोटीवरून लिहिलेले पत्र

या लेखाचा गाभा आहे ते पत्र १४ नोव्हेंबर १९३२ चे. त्याची पार्श्वभूमी अशी. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या. लगेच सहा दिवसांनी, ३० सप्टेंबरला, मुंबईत पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली सभा होऊन अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संघ स्थापन झाला. हाच पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखला गेला. उद्योगपती घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष आणि अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा, चिटणीस. सुरुवातीच्या मध्यवर्ती मंडळात बाबासाहेबांचेही नाव होते.

ठक्करबाप्पांविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ते व्यवसायाने इंजिनियर होते. मुंबईचा कचरा कुर्ल्याला वाहून नेणाऱ्या नगरपालिकेच्या रेल्वेवर काम करताना त्यांनी सफाई कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिले आणि पुढे नोकरी सोडून सेवेला वाहून घेतले. तेव्हा बाबासाहेबांनी पत्र लिहिले ते एखाद्या ढोंग्याला लिहिले नव्हते. भल्या माणसाला, त्याच्या हाती मोठा फंड येणार आहे हे ओळखून, वेळीच लिहिले होते.

तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब ‘व्हिक्टोरिया’ बोटीने निघाले होते. निघण्यापूर्वी सविस्तर बोलणे झाले नव्हते, म्हणून सुएझ कालव्याच्या तोंडावरच्या पोर्ट सैद बंदरातून त्यांनी पत्र धाडले. लंडनला देशाची घटना ठरायची होती, डोक्यावर केवढे ओझे असेल! तरी या माणसाला काळजी लागली होती ती गरिबांच्या नावाने जमणारा पैसा वाया तर जाणार नाही ना, याची.

पहिला प्रश्न: दोष कुणाचा?

पत्रात बाबासाहेब आधी मुळालाच हात घालतात. दलितांची अवस्था वाईट का, याची दोन उत्तरे देता येतात. एक उत्तर असे की माणसाचे आचरण वाईट म्हणून तो दुःखात आहे. हे उत्तर खरे मानले तर फंडाचा पैसा दारूबंदीचा उपदेश, व्यायामशाळा, वाचनालये, सहकारी पेढ्या, शाळा यांवर खर्च होईल. दुसरे उत्तर असे की माणूस ज्या परिस्थितीत जगतो ती परिस्थितीच त्याला वर येऊ देत नाही. हे उत्तर खरे असेल तर पैसा ती परिस्थिती बदलण्यावर खर्च झाला पाहिजे.

बाबासाहेबांनी दुसरे उत्तर ठामपणे उचलून धरले. पहिल्या मार्गाने चार-दोन माणसे वर येतील, पण सारा वर्ग जिथल्या तिथे राहील, असे त्यांचे म्हणणे. ज्याने स्वतः समाजासाठी वसतिगृहे काढली, वाचनालये काढली, तो माणूस हे सांगतो आहे, हे ध्यानात घ्या. शाळा-वाचनालयांना त्यांचा विरोध नव्हता. पण अस्पृश्यता घालवण्यासाठी म्हणून जमवलेला फंड अस्पृश्यता सोडून बाकी सगळ्यावर खर्च होऊ नये, एवढाच त्यांचा रोख होता.

तीन कामे

मग पैसा कशावर खर्चायचा? पत्रात त्यांनी तीन कामे सांगितली.

पहिले काम नागरी हक्कांचे. गावची विहीर, गावची शाळा, गावची चावडी, सार्वजनिक वाहने ही सर्वांना खुली झाली पाहिजेत. त्यासाठी संघाने गावोगाव मोहीम काढावी. मारामाऱ्या होतील, डोकी फुटतील, खटले होतील, पोलीस आणि मॅजिस्ट्रेट उलट बाजूचे असतील, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. कुणालाही न दुखावता हळूहळू उपदेश करीत जाण्याचा सोपा मार्ग त्यांना ठाऊक होता. पण त्या मार्गाने सवर्ण माणसाला विचार करण्याची गरजच भासत नाही. त्याच्या रूढीला थेट धक्का बसला की तो विचार करू लागतो. दाखल्यासाठी त्यांनी महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर आणि मलबारातले गुरुवायूर ही नावे दिली. सुधारकांच्या अनंत व्याख्यानांनी झाले नाही ते या लढ्यांनी थोड्या दिवसांत करून दाखवले, असे ते सांगतात.

पनवेलकर वाचकांनो, यातले पहिले नाव आपल्या जिल्ह्यातले आहे. आज आपण रायगड म्हणतो तो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. त्याच कुलाब्यातल्या तळ्याचे नाव इजिप्तच्या बंदरातून लिहिलेल्या पत्रात गेले!

दुसरे काम समान संधीचे. इथे बाबासाहेबांनी दिलेला तपशील आपल्या माता-भगिनींनी मुद्दाम वाचावा. अस्पृश्याने भाजी, दूध, लोणी विकायला बसावे तर कुणी घेत नाही. सरकारी खात्यात शिपायाची जागा मिळत नाही. मुंबई-अहमदाबादच्या कापड गिरण्यांत त्याला कमी पगाराच्या खात्यात कोंडलेले, जिथे महिन्याला २५ रुपयेच मिळतात. जास्त मजुरीचे विणकाम खाते त्याला कायमचे बंद. आणि बायांचे काय? कांड्या भरण्याच्या खात्यात मजुरी कामाच्या मापाने मिळे. तिथल्या नायकिणी कच्चा माल आधी आपल्या जातीच्या बायांना वाटून टाकीत आणि आपल्या बाया रिकाम्या हातांनी बसून राहत, अशी तक्रार खुद्द त्या कामगार बायांनी बाबासाहेबांपर्यंत नेली होती. घटना घडवायला निघालेल्या बॅरिस्टरच्या पत्रात गिरणीतल्या नायकिणीच्या पक्षपाताची नोंद आहे! दुःखाची एवढी बारीक नोंद दुसऱ्या कोणत्या पुढाऱ्याच्या पत्रात सापडेल?

तिसरे काम सामाजिक संबंधांचे. सवर्णांच्या घरात अस्पृश्य माणूस पाहुणा म्हणून किंवा कामाला म्हणून आला पाहिजे, परस्परांचा जिवंत सहवास घडला पाहिजे. दोन समाजांना कायद्याने किंवा मतदारसंघाच्या रचनेने जोडता येणार नाही, ते जोडले जातील फक्त प्रेमाने, असे त्यांनी लिहिले. करार होऊन दोन महिनेही झाले नव्हते, त्या दिवसांतले हे शब्द आहेत.

काम कुणी करायचे?

पैसा आणि काम ठरले, तरी हात कुणाचे, हा प्रश्न उरतोच. बाबासाहेबांनी यावरही सडेतोड लिहिले. काही संस्था अशा असतात की त्यांना कोणतेही काम चालते. अनुदान द्या, त्या आपल्या यादीत आणखी एक काम जोडतील. अशा भाडोत्री सेवेतून टिकाऊ काही उभे राहत नाही, असे त्यांचे मत होते. ज्याचे प्रेम आहे तोच सेवा करू शकतो, हा टॉलस्टॉयचा विचार सांगून त्यांनी कार्यकर्ते शक्यतो दलित वर्गातूनच घ्यावेत असे सुचवले.

आणि इथेच त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष पटते. आपल्याच समाजातही समाजसेवेच्या आडोशाला बसलेले लबाड लोक नाहीत असे माझे म्हणणे नाही, असेही त्यांनी त्याच पत्रात कबूल केले. आपल्या माणसांची बाजू मांडताना आपल्या माणसांवर पांघरूण घातले नाही. आज किती पुढारी असे लिहितील?

उत्तर आलेच नाही

या पत्राला काय उत्तर आले? बाबासाहेबांनीच पुढे ग्रंथात लिहून ठेवले आहे की उत्तर आले नाही, पत्र पोचल्याची साधी पोचही आली नाही. यथावकाश ते संघाच्या मंडळातून बाजूला झाले.

संघाचे काम पुढे वाढले. गांधीजींनी ७ नोव्हेंबर १९३३ पासून वर्ध्याहून दौरा सुरू केला. जुलै १९३४ अखेर काशीला संपलेल्या या दौऱ्यात सुमारे साडेबारा हजार मैलांचा प्रवास झाला आणि सुमारे आठ लाख रुपये जमले. त्यातून शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या निघाल्या, अनेक मुले शिकली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कारभारी मंडळात अस्पृश्यांना स्थान का नाही, असे विचारले गेले तेव्हा गांधीजींची भूमिका अशी होती की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ऋण त्यांचे आहे, तेव्हा फेडायचे कसे हे त्यांनीच ठरवावे.

ऐकायला हे उदात्त वाटते. पण हिशोबाच्या भाषेत पाहा. सावकाराचे देणे फेडताना किती आणि कसे हे ऋणकोच ठरवणार, धनकोला वहीसुद्धा पाहता येणार नाही, असा व्यवहार कुठल्या पेढीत चालेल? बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात या साऱ्या प्रकाराला राजकीय दानधर्म म्हटले. ज्याच्या हातून आपण घेतो त्याच्याविरुद्ध उद्या बोलायला जीभ उचलत नाही, हा त्यातला धोका त्यांनी ओळखला. असे दान लाचेपेक्षाही सूक्ष्म असते. लाच घेणाऱ्याला आपण लाच घेतली हे कळते तरी. दान घेणाऱ्याला ते कळतही नाही.

हक्काच्या लढ्याला खर्च किती?

कुणी म्हणेल, हक्कांच्या लढ्याला पैसा कशाला हवा? तेही महाडच सांगते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबर १९२७ मध्ये सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावला. तो महाडच्या कोर्टातून वर वर जात मुंबई हायकोर्टात पोहोचला आणि १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाल लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! या दहा वर्षांत तारखा, नकला, साक्षीदार, जाणे-येणे हे सारे आले. हा खर्च कुठल्या धनिकाच्या फंडातून झाला नाही. म्हणूनच संघाने अशा कामाला हात घालावा, असे सांगण्याचा अधिकार बाबासाहेबांना होता.

दादासाहेबांना लिहिलेले पत्र

पोर्ट सैदच्या पत्रानंतर सोळा महिन्यांनी, ३ मार्च १९३४ रोजी, बाबासाहेबांनी आणखी एक मोलाचे पत्र लिहिले. ते होते नाशिकच्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० पासून सुरू होता आणि दादासाहेब त्याचे आधारस्तंभ होते. तो पुन्हा जोमाने सुरू करावा का, असा प्रश्न होता.

बाबासाहेबांनी नकार कळवला आणि कारणही दिले. आपल्या लोकांनी मूर्तीची पूजा करावी म्हणून हा लढा मी सुरू केलाच नव्हता. आपल्या लोकांत चैतन्य यावे, आपली स्थिती त्यांना कळावी, यासाठी तो होता. ते काम झाले आहे. आता समाजाची ताकद आणि साधने राजकारण आणि शिक्षण या दोन गोष्टींवर एकवटली पाहिजेत, असा त्या पत्राचा आशय आहे.

वाचकहो, दोन्ही पत्रे शेजारी ठेवा. पहिले परक्याच्या फंडाविषयी, दुसरे आपल्या स्वतःच्या शक्तीविषयी. पहिल्यात ते लढा मागतात, दुसऱ्यात चालू लढा थांबवतात. वरवर विसंगती वाटेल. पण कसोटी दोन्हीकडे एकच आहे: खर्चलेल्या शक्तीने माणसाची स्थिती बदलते का? बदलत असेल तर डोकी फुटली तरी पुढे जा. काम साधले असेल तर गर्दी कितीही जमत असली तरी शक्ती दुसरीकडे वळवा.

आणि ती त्यांनी खरोखरच वळवली. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत सतरा उमेदवार उभे करून त्यांतले बहुतेक निवडून आणले. आपल्या कुलाब्यातून महाडचे सुरबानाना टिपणीस सर्वसाधारण जागेवरून निवडून आले. लगेच सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी विधानसभेत मांडले. शिक्षणासाठी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय निघाले. दुसऱ्याच्या फंडावर अवलंबून न राहता नोंदणी असलेली, विश्वस्त असलेली, हिशोब असलेली स्वतःची संस्था त्यांनी उभी केली.

आज आपल्या वस्तीत

आता आपल्या घराकडे येऊ. पनवेल तालुका झपाट्याने बदलला. गावांची नगरे झाली, मुंबईतून आणि घाटावरून आपली हजारो कुटुंबे इथे येऊन राहिली. प्रत्येक वसाहतीत मंडळ आहे, बहुतेक ठिकाणी विहार आहे किंवा त्याची तयारी आहे. म्हणजे फंडही आहेत.

एका निवडणुकीच्या वर्षी एका वस्तीतल्या बैठकीला मी हजर होतो. एका उमेदवाराकडून निरोप आला होता की जयंतीचा मांडव, साउंड सिस्टीम, भोजन सगळे आमच्याकडे, तुम्ही फक्त बॅनरवर फोटो टाका. तरुण मंडळी खूश झाली. घरोघर फिरायचा त्रास वाचला! तेवढ्यात मागे बसलेल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “अरे पोरांनो, बाबाच्या जयंतीला धा रुपये द्यायची माझी ऐपत हाय. ती माझ्याकडनं का काढून घेताय?” बैठक गप्प झाली. आजींनी पोर्ट सैदचे पत्र वाचलेले नव्हते, पण त्यातले मर्म त्यांना पुरते ठाऊक होते.

उमेदवाराच्या पैशाने मांडव पडला की त्या वर्षी वस्तीतल्या तुंबलेल्या गटाराविषयी, रखडलेल्या शिष्यवृत्तीविषयी, बंद पडलेल्या वसतिगृहाविषयी त्याला जाब कोण विचारणार? बॅनरवरचा फोटो पावसात वाहून जातो, मिंधेपणा मात्र पाच वर्षे राहतो.

सोपा हिशोब मांडू. समजा, वस्तीत १२० घरे आहेत. प्रत्येकाने वर्षाला ५०० रुपये दिले तर ६०,००० रुपये होतात. निम्म्यात जयंती साधेपणाने, पण मानाने होते. उरलेल्या ३०,००० मध्ये दोन-तीन मुलींच्या प्रवेशाची फी निघते, किंवा अत्याचाराच्या एखाद्या प्रकरणात कोर्टाच्या कागदपत्रांचा आणि जाण्या-येण्याचा खर्च भागतो, किंवा अभ्यासिकेला वर्षभर वीज मिळते. रक्कम मोठी नाही, पण ती आपली आहे आणि तिच्यावर कुणाचा फोटो नाही.

म्हणून बाबासाहेबांच्या पत्रांवरून प्रत्येक मंडळाने तीन प्रश्न आपल्या भिंतीवर लिहून ठेवावेत असे मला वाटते. पैसा कुणाचा आणि त्याच्या बदल्यात त्याला काय हवे आहे? वही कुणाच्या हातात आहे आणि ती कुणालाही पाहता येते का? या खर्चाने कुणाची स्थिती बदलली?

दुसऱ्या प्रश्नासाठी फार शिकलेला माणूस लागत नाही. छापील क्रमांकाचे पावतीपुस्तक, रोजच्या रोज लिहिलेली कीर्द, मंडळाच्या नावाचे बँक खाते आणि वर्षातून एकदा सर्वांसमोर मोठ्याने वाचलेला जमाखर्च एवढे पुरे. हल्ली वर्गणी मोबाईलवरून येते, ती खजिनदाराच्या खासगी खात्यात जाता कामा नये. नोंदणीकृत विश्वस्त संस्थांना १९५० च्या कायद्यानुसार दरवर्षी हिशोब तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागतात. हे कागद वेळेवर गेले नाहीत म्हणून चांगल्या चांगल्या संस्था अडचणीत आल्या आहेत आणि मग त्यांच्या जागांवर दुसऱ्यांचे डोळे गेले आहेत.

माता-भगिनींनो, माझी तुम्हाला खास विनंती आहे. घरात भाजीच्या दहा रुपयांचा हिशोब ठेवणाऱ्या तुम्ही, मंडळाच्या हिशोबाच्या वेळी मागे का बसता? बचत गटाची वही तुम्ही बिनचूक लिहिता. मग विहाराच्या खजिनदारपदी आपल्या भगिनी का नसाव्यात? गिरणीतल्या आपल्या बायांनी तक्रार बाबासाहेबांपर्यंत नेली म्हणून तर ती पत्रात आली. ज्या बोलतात त्यांचीच नोंद होते.

तरुणांनाही एक सांगणे आहे. मोठ्या संस्थांत, कंपन्यांच्या सामाजिक निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांत तुम्ही काम करता, ते जरूर करा. तो पैसाही समाजाचाच आहे. पण ज्या दिवशी अनुदान संपते त्या दिवशी काम संपते का, हे स्वतःला विचारा. संपत असेल तर ते काम भाडोत्री होते. चालू राहत असेल तर ते बाबासाहेबांना अभिप्रेत असलेले प्रेमाचे काम.

पोर्ट सैदच्या त्या पत्राला ठक्करबाप्पांकडून उत्तर आले नाही. पण त्यातला प्रश्न आजही आपल्या दारात उभा आहे. येत्या १४ एप्रिलच्या तयारीची पहिली बैठक लवकरच आपापल्या वस्तीत बसेल. त्या बैठकीत मांडवाचा दर ठरण्याआधी गेल्या वर्षीचा हिशोब वाचला जावा आणि फंडाचा अर्धा हिस्सा शिक्षणासाठी व हक्काच्या लढ्यासाठी बाजूला काढल्याचा ठराव वहीत लिहिला जावा. एवढे केले तरी त्या पत्राला आपल्या तालुक्यापुरते उत्तर दिल्यासारखे होईल.

जयभीम!